पद्मिनी, ट्रॅक्स आणि चोकवाली मारुती: बेळगाव भागात अजून पळणाऱ्या जुन्या गाड्या

बेळगावात जुनी गाडी बघायची असेल तर सकाळी लवकर बाहेर पडावं. दहा वाजले, गोवावेस आणि कपिलेश्वर पुलावर गर्दी झाली, की ब्रेक-क्लच जपणारे मालक गाडी दारातून हलवत नाहीत. शहापूर-वडगावच्या गल्ल्या, टिळकवाडी-हिंदवाडीतले जुने बंगले, कॅम्पातली (लष्करी छावणीतली) झाडीखालची आवारं आणि उद्यमबागच्या वर्कशॉपांची दारं, या चार ठिकाणी नजर ठेवली तरी पुष्कळ सापडतं. शहराबाहेर पडलात तर निपाणी-चिक्कोडी-अथणीच्या बाजूला डिझेलच्या जुन्या गाड्या भेटतात, आणि खानापूर-जांबोटीकडे मारुती व्हॅन.

जी गाडी उरली ती सगळ्यात चांगली होती, असा समज करून घेऊ नका. तिचा बुश, तिची रिंग, ब्रेकचा रबर इथेच कुठेतरी मिळत राहिला किंवा लेथवर करून मिळाला, म्हणून ती उरली. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप भिंतीला भिंत लावून आहेत, आणि तिथे नाही जमलं तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहे. सिलिंडरचं बोअर मारणं, स्लीव्ह बसवणं, हेडचं फेसिंग (तोंड सपाट तासणं), ड्रम तासणं ही कामं या पट्ट्यात कधी अडली नाहीत. अडलं ते सेन्सर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि प्लास्टिकच्या पार्टपाशी. रस्त्यावर आज काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा निम्मा हिशेब इथेच लागतो.

आधी नंबर वाचायला शिका. केए २२ बेळगाव, २३ चिक्कोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक. त्यांच्याबरोबर एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १० सांगली, एमएच ०७ सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या जीए पाट्या इथे रोजच्याच. खासगी कारला आपल्याकडे आधी एम, मग एन, मग पी अशी अक्षरं आली. त्यामुळे ‘केए २२ एम’ दिसली की गाडी जुन्या नोंदणीची. राज्याची दोन अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनंतरची. त्याआधीच्या कर्नाटकच्या पाट्या एमवाय, एमई, सीए अशा अक्षरांनी सुरू व्हायच्या, गोव्याच्या जीडीने. अशी पाटी अजून लावलेली गाडी दिसली तर थांबून बघण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी पाटी लागते, म्हणून पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या झपाट्याने चालल्या. पाटी चकचकीत दिसली म्हणून गाडी नवी समजू नका, अक्षरं वाचा.

नंबर दुसऱ्या राज्यात बदलून घेतलेला असेल तर वय लपतं. अशा वेळी काचा बघाव्यात. बहुतेक काचांच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात वर्षाचा आकडा किंवा टिंबं असतात. तीन दारांच्या काचा एकाच वर्षाच्या आणि चौथ्याची वेगळी, म्हणजे बहुधा त्या बाजूने गाडीला मार बसला होता.

पद्मिनी आणि अँबॅसिडर

१९६४ मध्ये प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट काढली. सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि २००० च्या सुमारास ती बंद झाली. तिच्याही आधीची, पन्नाशीतली गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ आता फक्त हौशी लोकांच्या शेडमध्ये. पद्मिनीत १,०८९ सीसीचं इंजिन, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढच्या दारांना त्रिकोणी काच, टायर ५.२०-१४. गिअर खाली जमिनीवर आणि पुढे दोन सुट्या सीट दिसल्या तर ती नव्वदच्या दशकातली एस-वन. त्याच काळात १३७-डी नावाची डिझेल पद्मिनीही निघाली होती. ती आता क्वचितच दिसते.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे गंज आलाच. इथे भागाप्रमाणे फरक पडतो. अथणी-रायबागकडे बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं; क्षार बसून नळ्या बुजतात आणि गाडी गरम होते. खानापूरकडे पाणी मऊ, पण नुसतं पाणी घातल्यामुळे हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात आणि शेवटी गॅस्केटला बसायला सपाट जागाच उरत नाही. असं हेड फेसिंगला गेलं की आधी ॲल्युमिनियमचं वेल्डिंग भरून मग तासावं लागतं. त्यापेक्षा अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी घालून दोन वर्षांनी बदललेलं परवडतं. हेडला स्वस्त उपाय म्हणून जाड गॅस्केट घालून देणारे असतात. त्यांच्या नादी लागू नये.

घाटात पद्मिनी मध्येच मान टाकते ते बहुतेक वेळा पेट्रोलची वाफ होऊन. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लावलेला, यांत्रिक. चोर्ला किंवा आंबोली चढताना इंजिन तापलं, गाडी दुसऱ्या गिअरवर रेंगाळली, की पंपात आणि नळीत वाफ कोंडते आणि कार्ब्युरेटरपर्यंत (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंत) पेट्रोल पोचत नाही. सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नका. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. कायमचा उपाय हवा असेल तर नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दोन-तीन इंच लांब फिरवून घ्यावी आणि पंपाखाली जाड पॅकिंग आहे की नाही तपासावं. ते पॅकिंग उष्णता अडवण्यासाठीच असतं आणि नेमकं तेच मेस्त्री लोक काढून टाकतात. उतरताना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत हे विसरू नये: ज्या गिअरवर घाट चढलात त्याच गिअरवर उतरा.

अँबॅसिडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ ते २०१४ बनत राहिली. त्यामुळे तिचं वय सांगणं कठीण, कारण लोकांनी एका मार्कची (आवृत्तीची) जाळी दुसऱ्याला लावलेली असते. १,४८९ सीसीचं जुनं इंजिन आणि १९९२ पासूनचं १,८१७ सीसीचं इसुझू इंजिन यांत फरक करायचा तर आत डोकवा. इसुझूवाल्या गाडीला गिअर जमिनीवर आणि पुढे सुट्या सीट.

जुन्या अँबॅसिडरच्या इंजिनाचं हेड बिडाचं आणि व्हॉल्व्हच्या सीट त्याच बिडात कोरलेल्या. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. शिसं त्या सीटवर थर धरून झीज थांबवायचं, ते गेल्यावर एक्झॉस्टच्या सीट खचू लागल्या. ओळखायची खूण सोपी: टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली) मोठी होण्याऐवजी दर वेळी लहान झालेली सापडते. फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवायची. दर हजार-दोन हजार किलोमीटरला ती बुजत असेल तर हेड काढून कडक सीटच्या रिंगा बसवून घ्याव्यात. बाटलीतल्या औषधांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. इग्निशनच्या पॉइंटची फट ०.४० मिलिमीटरच्या आसपास, प्लगची ०.६.

दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांना किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन. ग्रीसच्या निपलमधून दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस मारलं नाही तर पिन झिजते आणि स्टिअरिंग चाळीसच्या वेगालाच थरथरतं. बघायची रीत: पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खळखळ आली तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावरही खळखळ राहिली तर किंगपिन, थांबली तर चाकाचं बेअरिंग. पावसाळ्यानंतर ग्रीस मारताना जुनं लालसर चिखलाचं ग्रीस बाहेर पडून नवं स्वच्छ दिसेपर्यंत मारावं. दोन पंप मारून सोडलं तर आतला चिखल आतच राहतो.

पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सींमुळे. हजारो गाड्या रोज चालायच्या म्हणून पार्ट बनवणारे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. ब्रेकचे आणि वॉटरपंपचे किट अजून मिळतात, पण दाराचे हँडल, काचांच्या खाचांचे रबर, मागच्या दिव्यांच्या काचा यांना जपावं. मोडलेली पद्मिनी भंगारात जाताना दिसली तर इंजिनाआधी दिवे आणि रबर मागून घ्या.

चोकवाली मारुती

मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला आली, १९८६ ला तिचा साचा बदलला आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मिलिमीटर. मोठ्या शहरांत ती दिसेनाशी झाली. आपल्याकडे गल्लीच्या रुंदीला मापून घेतल्यासारखी ती अजून आहे. तिची खरी विभागणी कार्ब्युरेटरवाली आणि एमपीएफआयवाली (सेन्सर-संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी) अशी. २००० नंतर हळूहळू दुसरी आली. डॅशबोर्डवर ओढायचा चोक दिसला की पहिली.

मला विचाराल तर या भागातल्या सगळ्या जुन्या गाड्यांत विकत घ्यावी अशी हीच, आणि फसवणूकही सगळ्यात जास्त हिच्यातच होते. कारण इंजिन पाच मिनिटांत चालू करून दाखवता येतं आणि सडलेला पत्रा चटई-रंगाखाली झाकता येतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी पत्रा, मग इंजिन.

चालकाच्या पायाखालची रबरी चटई आणि तिच्या खालचं नमद्याचं कापड उचला. नमदा ओला लागला तर वायपरच्या खालच्या पन्हाळीतून पाणी आत येतंय. तिथे झाडाची पानं साचतात, भोक बुजतं आणि पाणी तिथून डॅशबोर्डमागे उतरतं. कॅम्प किंवा टिळकवाडीत झाडाखाली लावलेल्या गाडीला हे हमखास. पेचकसाच्या मुठीने फरशीचा पत्रा ठोकत जा. ‘टण्’ वाजला तर ठीक. ‘भद्’ वाजला तर वर डांबर आणि खाली जाळी. मग बॉनेट उघडून शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बोल्टने बसतो ते दोन्ही बुरूज बघा. त्याच्या कडेला रंग फुगलेला किंवा वेल्डिंगचा ओघळ दिसला तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी. बॅटरीचा तळ, मागच्या चाकांवरची कमान आणि दारांच्या खालच्या कडा सडलेल्या असल्या तर ते काम होण्यासारखं आहे. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. रंगारी ती लांबीने (पत्र्यावर भरायच्या पुट्टीने) बुजवतो आणि दोन पावसाळ्यांत दार आतून कुजतं.

लांबी कुठे भरली आहे ते शोधायला छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे.

आता इंजिन. गाडी थंड असतानाच बघायची. तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. चोक ओढून एक-दोन सेल्फमध्ये लागायला हवी. गरम झाल्यावर चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढा. फसफस वाफ येत असेल, झाकण सैल ठेवल्यावर उडत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे जळका वायू रिंगांना ओलांडून खाली उतरतोय, आणि रिंगा संपल्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये जातंय. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडी साय धरते, पण डिपस्टिकवरही तसंच दिसलं तर हेड गॅस्केट. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील तर शंकाच नको. कॉम्प्रेशन गेज असलेला मेस्त्री मिळाला तर तिन्ही सिलिंडर मोजून घ्या. आकड्यांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा.

हेड ॲल्युमिनियमचं असल्याने एकदा गरम होऊन बंद पडलेली गाडी म्हणजे वाकलेलं हेड. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालून बघतात: ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग. आणि गरम का झाली ते न शोधता नुसतं गॅस्केट बदललं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. कारणं बहुधा तीन: रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या, पंख्याचा थर्मोस्विच मेलेला, किंवा वॉटरपंपाची गळती. स्विच मेलाय की पंखा, हे बघायला स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच बदला.

आपल्या मेस्त्र्यांची एक वाईट खोड म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकणं. ‘व्हॉल्व्ह काढला, आता गरम होणार नाही’ असं सांगतात. मग इंजिन कधीच पुरतं तापत नाही, चोक लवकर सोडता येत नाही, ॲव्हरेज पडतं आणि जास्तीचं पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं. साधारण ८२ अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट अगदी स्वस्तात मिळतो. तो पातेल्यात गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघून मग बसवा.

टायमिंगचा पट्टा रबराचा असतो. केव्हा बदलला याची चिठ्ठी नसेल तर गाडी घेतल्याबरोबर बदला, टेन्शनरच्या बेअरिंगसकट. ऑइल सुमारे तीन लिटर, पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. कमी फिरणाऱ्या गाडीला वर्षाचाच नियम लावावा.

मारुती व्हॅन, म्हणजे ओम्नी, १९८४ ते २०१९ चालली आणि इंजिन तेच. त्यामुळे ८०० चे इंजिनाचे पार्ट अजून दुकानात ताजे मिळतात. ८०० टिकण्यात व्हॅनचा वाटा मोठा. खानापूर भागात व्हॅन बघताना सरकत्या दाराचा खालचा रूळ आणि पुढच्या सीटखालचा पत्रा आधी बघा. एलपीजी बसवलेली असेल तर टाकीची चाचणी-तारीख आणि आरसी बुकात इंधनाची नोंद, दोन्ही हवं.

कॅम्पामुळे मारुतीच्या जिप्सीही बऱ्याच दिसतात, काही लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या. अशा गाडीचं लिलावाचं मूळ पत्र आणि त्यानंतरची नागरी नोंदणी नसेल तर हात लावू नका.

वडापच्या गाड्या

निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडे वडापने, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या खासगी प्रवासी वाहतुकीने, जुन्या डिझेल गाड्यांना जिवंत ठेवलं. बजाज टेंपोची ट्रॅक्स (कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स), महिंद्राची कमांडर आणि मार्शल, टाटाची सुमो. वडापला गाडी उभी राहिली की धंदा बुडाला, म्हणून जी गाडी गावातल्या गावात संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते तीच उरते. महिंद्राचं २,५२३ सीसीचं एमडीआय इंजिन त्यांच्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरचा मेस्त्री प्रत्येक गावात. महिंद्राच्याच एमएम ५४० जीपमधलं २,११२ सीसीचं पूजो इंजिन चालायला मऊ, पण त्याचा पार्ट शोधायला फिरावं लागतं, म्हणून अशा कितीतरी जीपमध्ये पुढे एमडीआय बसवलेलं आढळतं. इंजिन बदल आरसी बुकात चढवला आहे का ते बघा. नसेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकते.

ट्रॅक्सचं २,३९९ सीसीचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं. टायमिंगला दुहेरी चेन, हेड बिडाचं, उष्णता सोसणारं. व्हॉल्व्हची फट मूळ मापाने थंड असताना इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. थंडीत सकाळी लागत नाही तेव्हा लोक नोझल-पंपावर संशय घेतात, पण आधी हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) बघावेत. एकेका प्लगची वायर सोडवून बॅटरीच्या प्लसपासून आलेल्या टेस्ट लॅम्पचं दुसरं टोक प्लगच्या शेंड्याला लावा: दिवा लागला तर प्लग जिवंत. चारांतला एक गेला तर गाडी तीन सिलिंडरवर पांढरा धूर सोडत लागते, दोन गेले तर धक्का. क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचं सील असल्याने क्लचच्या घरातून थोडं ऑइल ठिबकणं तिला नवीन नाही. मात्र क्लच घसरायला लागला तर प्लेट-प्रेशर बदलतानाच सील बदलून घ्या. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी वाचते.

ट्रॅक्स आणि कमांडर विकत घेताना इंजिनापेक्षा चासी महत्त्वाची. उसाच्या रानातला चिखल चासीच्या पेटीत शिरून वाळतो आणि आतून खातो. मागच्या पाट्यांची (स्प्रिंगच्या पट्ट्यांची) शॅकल जिथे चासीला लागते तिथे हातोडीने हळू ठोका; गंजाचे पापुद्रे गळाले तर वेल्डिंगच्या पट्ट्या कितीही मारल्या तरी भार पेलणार नाही.

सुमो १९९४ ते २०१९. जुनीत १,९४८ सीसीचं इंजिन. क्वालिस २००० ते २००५ इतकीच बनली, तरी तिचं २,४४६ सीसीचं डिझेल अजून लोक शोधून घेतात. ‘टोयोटा किर्लोस्कर’मधलं दुसरं नाव ज्यांच्यापासून सुरू झालं त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं, हे इथल्या क्वालिसवाल्यांना जाता जाता सांगायला हरकत नाही.

सरकारी जीप, सुमो, अँबॅसिडर मात्र आता तालुका कचेरीच्या आवारात शोधू नका. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली.

आणि न दिसणाऱ्या गाड्या? सिएलो, मॅटिझ, ॲस्ट्रा, एस्कॉर्ट, उनो. रस्त्यावर यांतल्या काही आपल्या मारुतीपेक्षा कितीतरी सरस होत्या. कंपनी गेली किंवा मॉडेल गुंडाळलं, पार्ट आटले, आणि एका साध्या सेन्सरपायी चांगलं इंजिन गोठ्याशेजारी उभं राहिलं. काँटेसा किंवा प्रीमियरची ११८ एनई दिसली तर मालक हौशी आहे असं खुशाल समजा.

उसाचं पेट्रोल

बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने चिक्कार, त्यांना जोडून इथेनॉलच्या डिस्टिलरी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि आपल्याच उसाचा रस आपल्याच जुन्या कार्ब्युरेटरला बाधतो. दोन गोष्टी होतात. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं: पंपाचा डायफ्राम, नळ्या, ॲक्सिलरेटर पंपाचा रबर. इथेनॉल पाणीही ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की पाणी-इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं होतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. दुसरं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्ब्युरेटर मात्र जुन्याच मापाने हवा देतो, त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, उतारावर सायलेन्सरमध्ये फटफटते, प्लगचा रंग पांढुरका होतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच. इथली हवा विरळ, म्हणून मिश्रण आधीच थोडं दाट. पातळपणाचा निम्म्याच्या जवळपास हिस्सा त्यातच भरून निघतो. म्हणून इथे बरी चालणारी पद्मिनी गोव्यात उतरली की जास्त अडखळते. उपाय: नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, डायफ्राम नव्या जातीचा बसवा, मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग विटकरी येतो का बघा. जेट सुईने खरवडून मोठा करू नका. भोक वेडंवाकडं होतं आणि परत माप सापडत नाही. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत बाष्प धरतं.

कागद

खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून भंगारात जात नाही. तो नियम दिल्ली परिसराचा. आपल्याकडे फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पुढची पाच वर्षं मिळतात. कारला एप्रिल २०२२ पासून ही फी ५,००० रुपये, आणि वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. मुदत उलटून गेली की कारला महिन्याला ५०० रुपये वेगळे. पाच वर्षं दारात रखडलेल्या मारुतीवर तीस हजार असेच चढतात, आणि ती मारुती कदाचित तीस हजाराचीही नसते. म्हणून भाव करण्याआधी आरसी बुकातली मुदत बघा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोज वापरता येत नाही.

सीमेवरचा खास घोळ म्हणजे पाटी एमएच ०९ ची आणि मालक बेळगावचा. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो: मूळ आरटीओचं ना-हरकत फॉर्म २८ वर, नव्या नंबरचा अर्ज फॉर्म २७ वर, मालकी बदलायला २९ आणि ३०. कर्नाटकचा कर वेगळा. जुन्या गाडीचा मूळ मालक वारलेला असतो, वारस चार गावांत असतात, बँकेचं कर्ज फिटून वीस वर्षं झालेली असतात पण बोजा आरसी बुकावर तसाच. बोजा उतरवल्याशिवाय ना-हरकत मिळत नाही, आणि ती बँकही मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते. हे सगळं विकणाऱ्याकडून करून घ्यावं आणि फॉर्म २८ वर शिक्का पडेपर्यंत इसारापेक्षा जास्त पैसे हातातून सोडू नयेत.